ही एक गोळी सोडून बाकीच्या द्या

"दादा, यातली ही एक गोळी सोडून बाकीच्या द्या."

मार्चमधली दुपार होती. मोहोळकडच्या एका गावातून आलेल्या बाई काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा, वय असेल पंचवीस-सव्वीस, खाली पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभा होता. चिठ्ठी आईच्या हातात. त्यावर मेसालामाइन, लोहाची गोळी, फॉलिक अ‍ॅसिड आणि तळाला एस्सिटॅलोप्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एक. बाईंनी अंगठ्याचं नख त्या शेवटच्या ओळीवर इतकं दाबून धरलं होतं, की कागदावर वळ उठला.

"का नको, ताई?"

"डोक्याची गोळी हाय म्हनं ती. त्याला पोटाचं दुखणं हाय. डोकं चांगलं हाय त्याचं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अजून लगीन व्हायचंय, दादा."

सोलापुरात औषधाच्या दुकानात उभा राहून मला एकतीस वर्षं झाली. हातात पैसे कमी असले की लोक कॅल्शियम सोडतात, टॉनिक सोडतात, पंधरा दिवसांच्या ऐवजी आठ दिवसांच्या गोळ्या नेतात. ते मला कळतं. पण ही गोळी सोडण्यामागे पैसा नसतो. लाज असते. घेतलीच तर म्हणतात, वेगळ्या कागदात बांधून द्या. माझ्या काउंटरखाली जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून ठेवलेले असतात. ते दोनच गोष्टींसाठी लागतात. बायकांच्या पॅडसाठी आणि या गोळ्यांसाठी.

त्या मुलाचा आजार माझ्या ओळखीचा आहे, कारण तो मलाही आहे. २००९ साली मला शेम-रक्त पडायला लागलं. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागे. शहरातल्या एका डॉक्टरांनी पाच महिने मूळव्याध म्हणून औषध दिलं, आणि औषधं हाताळण्यात आयुष्य गेलेला माणूस असूनही मी ते मुकाट घेतलं. वजन चौदा किलोनं उतरलं तेव्हा पुण्याला जाऊन दुर्बिणीची तपासणी केली. अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात. शरीराची स्वतःची पहारेदारीच आतड्यावर उलटते. याचा भाऊबंद म्हणजे क्रोन्सचा आजार. बरील क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातून त्याचं वर्णन छापलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो आणि आतड्याची भिंत आरपार धरतो. आपल्याकडे त्याची मोठी गफलत आतड्याच्या क्षयाशी होते, कारण दुर्बिणीतून दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. कित्येक रुग्णांना क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने गिळल्यावर मग खरं नाव कळतं. तशा चिठ्ठ्या माझ्या हातातून गेल्या आहेत.

पूर्वी हा गोऱ्या लोकांचा आजार मानत. २०१७ साली लॅन्सेटमध्ये जगभरच्या आकडेवारीचा आढावा आला. त्यात पाश्चात्त्य देशांत नव्या रुग्णांची वाढ थबकलेली दिसली आणि आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतल्या नव्यानं कारखानदारी आलेल्या देशांत ती चढती दिसली. रक्तातली जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. मग बदललं काय? ताट बदललं, हवा-पाणी बदललं, जगण्याचा ताण बदलला. ताटाबद्दल मला आधी बोलायचं आहे, कारण ज्वारीच्या मुलखात बसून मी हे लिहितोय.

परवा घरच्या तराजूवर बायकोला पीठ मोजायला लावलं. दोन भाकऱ्यांना सव्वाशे ग्रॅम ज्वारीचं पीठ लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले, त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत १०.२२ ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा, दिला आहे. बाजरीत ११.४९, नाचणीत ११.१८, अख्ख्या गव्हाच्या कणकेत ११.३६, जवात, म्हणजे आपल्या सातूत, १५.६४. आणि मैद्यात २.७६. पांढऱ्या तांदळातही तेवढाच, २.८१. म्हणजे दोन भाकऱ्यांतून पोटात जवळपास पावणेतेरा ग्रॅम चोथा जातो, आणि तेवढ्याच मैद्याच्या पाव-बिस्किटांतून साडेतीन.

हा चोथा आपल्याला पचत नाही, हीच त्याची किंमत आहे. लहान आतड्यातून तो जसाच्या तसा खाली उतरतो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या ताटात पडतो. ते त्याला आंबवतात. आंबील रात्रभर आंबते तशीच ही क्रिया, फक्त काळोखात आणि हवेविना. त्यातून निघतं ब्युटिरेट नावाचं एक आम्ल. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपल्या ऊर्जेतला साठ-सत्तर टक्के हिस्सा या ब्युटिरेटमधून मिळवतात. शरीरातल्या बाकीच्या पेशी रक्तातून आलेल्या अन्नावर जगतात. या मात्र जिवाणूंनी रांधलेलं खातात. १९८० साली रोडिगर नावाच्या शल्यविशारदानं लॅन्सेटमध्ये विचारलं होतं, की अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे आतड्याच्या अस्तराची उपासमार तर नव्हे? त्याला रुग्णांच्या पेशींत ब्युटिरेट वापरण्याची ताकद कमी झालेली आढळली होती. पुढे २००८ साली फ्रान्समध्ये क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात ब्युटिरेट बनवणारा फिकॅलिबॅक्टेरियम हा जिवाणू रोडावलेला सापडला.

मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते २०१६ साली सेल या नियतकालिकात आलेल्या कामानं. लक्झेंबर्गचे महेश देसाई आणि मिशिगन विद्यापीठातले एरिक मार्टेन्स यांनी उंदरांच्या आतड्यात माणसाचे जिवाणू वसवले आणि मग उंदरांचा चोथा बंद केला. जिवाणू उपाशी राहिले नाहीत. ते आतड्याच्या अस्तरावरची चिकट बुळबुळीत साय खाऊ लागले. ही सायच आतड्याच्या भिंतीला जिवाणूंपासून दूर ठेवते. ती पातळ झाली आणि बाहेरून आलेल्या एका रोगजंतूनं त्या उंदरांना जबर कोलायटिस केला. घरातल्या माणसांना सरपण मिळालं नाही तर ती भिंतीचं लाकूड जाळून चूल पेटवतील, तसं हे आहे.

आता इथं मला हात आखडता घ्यावा लागतो. भाकरी खा आणि कोलायटिस टाळा, असं मी कुणालाही सांगणार नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात एक लाख सत्तर हजारांवर बायकांच्या आहाराची नोंद सव्वीस वर्षं ठेवली होती. त्याचा निष्कर्ष २०१३ साली आला. सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्या बायकांत क्रोन्सचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतं. पण तो फायदा मुख्यतः फळांच्या चोथ्याचा निघाला. धान्याच्या आणि कडधान्याच्या चोथ्यानं फरक दिसला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बाबतीतही ठोस काही हाती लागलं नाही. ज्वारीच्या अभिमानी माणसाला हे वाचून वाईट वाटतं. मला वाटलं. पण अमेरिकेतलं धान्य म्हणजे बहुतांशी डब्यातलं, साखर लावलेलं, कारखान्यातून आलेलं गव्हा-मक्याचं धान्य, हेही डोळ्यांआड करून चालत नाही. आपल्या ज्वारी-नाचणीवर वाढलेल्या माणसांची अशी सव्वीस वर्षांची वही कुणी ठेवली पाहिजे, आणि ती ठेवायला सोलापूर-विजापूरपेक्षा चांगला पट्टा मिळणार नाही.

आजार आलेल्या माणसाला धान्यानं आधार दिल्याचं उदाहरण जपानचं आहे. तिथं बिअर गाळल्यावर उरलेल्या मोड आलेल्या जवाच्या चोथ्यापासून एक खाद्य तयार केलं गेलं. २००२ साली छापलेल्या प्रयोगात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या अठरा रुग्णांपैकी अकरा जणांना नेहमीच्या औषधांसोबत रोज वीस ते तीस ग्रॅम हे खाद्य चार आठवडे दिलं. त्यांच्या आजाराचा जोर बाकीच्या सात जणांपेक्षा जास्त उतरला. अठरा माणसं म्हणजे फार थोडी. तरी दिशा कळते.

आणि उलट बाजूनं पाहिलं तर पुरावा अधिक वजनदार आहे. प्युअर नावाच्या अभ्यासात भारतासह एकवीस देशांतले १,१६,०८७ लोक होते. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा अहवाल आला. कारखान्यात अति-प्रक्रिया झालेलं अन्न दिवसातून पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांना आतड्याच्या या सुजेच्या आजारांचा धोका दिवसाला एकदाहून कमी खाणाऱ्यांपेक्षा १.८२ पट दिसला. यात बिस्किटं आली, वेफर आले, बाटलीतली गोड पेयं आली. माझ्या दुकानाशेजारच्या टपरीवर सकाळी सातला शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुलं हेच खात असतात.

भाकरी ताटातून गेली कशी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला असे. ७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला, परदेशी ज्वारी. तिच्या भाकरीची चव अजून थोरांच्या जिभेवर कडू आहे. त्यानंतर ज्या घरात चार पैसे आले त्या घरानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे रोजची पोळी सुरू केली. भाकरी गरिबाची झाली. मुलीच्या सासरकडचे यायचे असले की भाकरीची टोपली झाकून ठेवायची, हे मी माझ्या आत्याच्या घरी पाहिलं आहे. पुन्हा ती करायला वेळ लागतो. आधण ठेवा, उंडा मळा, काठवटीत थापा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, म्हणून आठवड्याला गिरणीत जावं लागतं. दोघं कामाला जाणाऱ्या घरात हे कुणी करायचं? सगळा भार बाईच्या मनगटावर टाकून भाकरीचे गोडवे गाणं मला पटत नाही. ज्वारीच्या कण्या कुकरमध्ये शिजतात आणि ताकात छान लागतात. आमच्याकडची कडक भाकरी आठवडाभर टिकते. शिजवून गार झालेल्या पिठुळ पदार्थातला काही भाग पचनाला दाद देत नाही आणि चोथ्यासारखा खाली उतरतो, तेव्हा शिळ्या भाकरीलाही कमी लेखायचं कारण नाही.

अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ साली तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिले गेले. २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरं केलं आणि आपल्या अर्थसंकल्पात त्यांना श्री अन्न हे नाव मिळालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाच्या रेशनच्या पिशवीत डोकावलं तर गहू-तांदूळच दिसतो. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या माणसानं फुकटचा तांदूळ सोडून विकतची ज्वारी का घ्यावी? सरकारनं इथल्या रेशनवर इथली ज्वारी बारा महिने ठेवावी. नाव मोठं ठेवून पोट भरत नाही.

ज्यांना हा आजार आधीच आहे त्यांच्यासाठी मात्र एक गोष्ट ठळक सांगतो, कारण इथं चूक झाली तर माणूस रुग्णालयात जातो. आजार उसळलेला असताना, रक्त पडत असताना, भाकरी आणि पालेभाजी रेटू नये. मी त्या दिवसांत मऊ भात, ताक आणि शिजवून गाळलेल्या डाळीवर राहतो. क्रोन्समध्ये आतडं कुठं अरुंद झालं असेल तर जाड चोथा तिथं अडकून बसतो. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ साली दाखवलं, की काही रुग्णांच्या आतड्यात विशिष्ट प्रकारचा चोथा आंबवणारे जिवाणूच उरलेले नसतात, आणि न आंबलेला तो चोथा सूज उलट भडकवतो. चूल विझलेली असताना लाकडं रचून उपयोग नाही. म्हणून आजार शांत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, थोडं थोडं. मी आधी नाचणीचं आंबील चालू केलं, मग कण्या. अर्ध्या भाकरीपर्यंत पोचायला मला सात महिने लागले.

आता नैराश्यावरच्या त्या गोळीकडे येतो.

या आजाराच्या रुग्णांत साधारण चौघांतल्या एकाला नैराश्याची लक्षणं असतात. ज्याला हा आजार नाही त्याला हे कळणं कठीण आहे. एसटीत बसताना पोटात कळ आली तर काय, या एका विचारानं माणूस लग्नकार्य सोडतो, नोकरी सोडतो, शेवटी बोलणं सोडतो. पुण्याच्या डॉक्टरांनी २०१० साली मलाही अशीच एक गोळी लिहून दिली होती. मी ती दुकानाच्या गल्ल्याखालच्या खणात टाकली. माझ्याच दुकानातलं औषध, माझ्याच हातानं, न उघडता. नऊ महिने ते पाकीट तिथं होतं. त्या नऊ महिन्यांत आजार दोनदा उसळला आणि दोन्ही वेळा स्टेरॉइडवर जावं लागलं. गोळी घेतली असती तर उसळला नसता, असं मी म्हणू शकत नाही. एवढंच म्हणतो, की त्या काळात मी माझी इतर औषधंही नेमानं घेत नव्हतो, कारण सकाळी अंथरुणातून उठण्याचीच इच्छा नव्हती.

मनाचं औषध आतड्याला कसं लागू पडावं? शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, मेंदूत नाही. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. ती शांतपणे काम करत असली की आतड्यातल्या सूज वाढवणाऱ्या पेशींना लगाम बसतो. २००८ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही उंदरांची पिल्लं आईपासून तोडली, काही उंदरांच्या मेंदूत रेसरपीन टोचलं. दोन्ही गट उदास झाले आणि दोन्हींची आतडी कोलायटिसला सहज बळी पडू लागली. मग त्यांना नैराश्यावरचं ट्रायसायक्लिक जातीचं औषध दिलं, तेव्हा आतडी सावरली. पण ज्या उंदरांची व्हेगस नस कापली होती त्यांना या औषधाचा उपयोग झाला नाही. निरोप त्याच तारेवरून जात होता.

त्यातलं रेसरपीन म्हणजे आपल्या सर्पगंधेचं सत्त्व. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे जगाला दाखवलं. पुढे ते औषध घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनता येते असं दिसलं, आणि त्यातून मनाच्या रसायनांचा अभ्यास वाढला. दुसरा धागा क्षयाचा. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर खाटेला खिळलेली माणसं हसायला-खेळायला लागली. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते. म्हणजे ज्या गोळीला आमच्याकडे वेड्याची गोळी म्हणतात तिचा एक पूर्वज छातीच्या वॉर्डात जन्मला. कुठलं औषध कुठल्या अवयवाचं, याच्या भिंती आपण घातल्या आहेत.

माणसांतला मोठा पुरावा २०१९ सालचा. कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. चार लाखांहून जास्त नैराश्याचे रुग्ण आणि तुलनेला त्रेपन्न लाख इतर लोक. नैराश्य असलेल्यांत क्रोन्सचा आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका दुपटीहून जास्त आढळला. आणि त्यातल्या ज्यांनी नैराश्यावर औषध घेतलं त्यांच्यात तो कमी भरला. क्रोन्सच्या बाबतीत एस्सिटॅलोप्रॅमच्या जातीची औषधं आणि ट्रायसायक्लिक, अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बाबतीत जवळपास सगळ्याच जाती.

दुपटीहून जास्त हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. मुळात आजार दुर्मीळ आहे, त्याची दुप्पटही थोडीच. शिवाय २०२१ साली ब्रिटनमधूनच दुसरा अभ्यास आला. त्यात दिसलं, की नैराश्याच्या आधीपासून पोटाची तक्रार नसेल तर पुढे आतड्याचा आजार होण्याचा धोका वाढलेला नसतो. म्हणजे काहींच्या बाबतीत आतडं आधीच कुरबुरत असतं आणि मन त्यामागून खचतं. यातून मला एक व्यवहारातली गोष्ट मिळाली. नैराश्याच्या रुग्णाला सतत जुलाब होत असतील, रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका. आतडं तपासा.

अजून एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष वेगळा आणि चिठ्ठ्या टाकून, कुणाला खरी आणि कुणाला खोटी गोळी देऊन केलेली कसोटी वेगळी. ऑस्ट्रेलियात क्रोन्सच्या सव्वीस रुग्णांवर फ्लुओक्सेटिनची अशी कसोटी झाली, सहा महिने. २०१७ साली निकाल आला. खोट्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. सव्वीस माणसांत फायदा दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं ठरत नाही. पण तो आहे असंही सिद्ध झालेलं नाही. म्हणून ज्याला नैराश्य नाही त्यानं केवळ आतडं वाचवायला ही गोळी मागू नये, आणि मागितली तर मी चिठ्ठीशिवाय देणार नाही. या गोळ्या घेत असताना अंगदुखीवरच्या गोळ्या खाल्ल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. त्या वेदनाशामक गोळ्या कोलायटिसही उसळवू शकतात. गोळी मनानं एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी येते. हे सांगायला काउंटरवर दोन मिनिटं लागतात. माझ्या व्यवसायातली किती माणसं ती देतात?

त्या बाईंना गावातल्या मेडिकलवाल्यानं 'डोक्याची गोळी' म्हणून सांगितलं, याचा मला राग आला. त्याचा हेतू वाईट नसेल. पण एका शब्दानं आपण माणसाचं औषध तोडतो. आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तरी त्या मुलाला ही चौथी ओळ कशासाठी आहे ते सांगितलं होतं का? मी विचारलं. नव्हतं सांगितलं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना सांगतो, की मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्या. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची फुकट मदत २०२२ पासून मिळते. मी तो क्रमांक बिलाच्या मागे शिक्क्यानं छापतो. सगळं आहे. फक्त माणूस आणि गोळी यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा चौकोन आहे.

मला वाटतं, आतड्याच्या प्रत्येक डॉक्टरानं पहिल्याच भेटीत रुग्णाला विचारावं, की झोप लागते का, कशात मन रमतं का. आणि आतड्याच्या रुग्णाची भाकरी कधी बंद, कधी सुरू, हे लिहून द्यावं. आज बहुतेक चिठ्ठ्यांवर 'तिखट-तेलकट टाळा' एवढंच असतं. त्या तीन शब्दांच्या धाकानं लोक वर्षानुवर्षं बिस्किट आणि साबुदाण्यावर राहतात. आजार शांत झाला तरी परत धान्याकडे वळायचं त्यांना कुणी सांगत नाही.

त्या दुपारी मी बाईंना आत स्टुलावर बसवलं आणि मुलालाही बोलावलं. तो आधी आला नाही. मग मी त्याला सांगितलं, की मलाही हाच आजार आहे, सोळा वर्षं झाली. तेव्हा तो आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. "तुम्ही दुकानात दिवसभर उभं कसं राहता?" मी त्याला दुकानामागचं दार दाखवलं. दुकान घेताना जागेत संडास आहे की नाही एवढंच मी पाहिलं होतं, भाडं नंतर विचारलं. तो हसला नाही, पण स्टूल ओढून बसला. ट्रॅक्टरच्या शोरूममधली नोकरी त्यानं डिसेंबरात सोडली होती. घरात कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

"गोळी घेतली तर कायमची लागते का?"

"बहुतेकांना काही महिने. किती ते डॉक्टर ठरवतील. मनानं चालू नाही करायची, मनानं बंद नाही करायची."

बाई इतका वेळ त्याच्याकडे बघत होत्या. डिसेंबरमागचं कारण त्यांना त्या दुपारीच कळलं होतं.

"द्या," त्या म्हणाल्या. "पण कागदात बांधून द्या, दादा."

मी काउंटरखालून एक चौकोन काढला, पाकीट त्यात गुंडाळलं, वर पेनानं लिहिलं, सकाळी नाश्त्यानंतर एक. मग मेसालामाइनच्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं.